जुन्या खेळगाडीस संगणकाची जोड

गेल्या वर्षीं पावसाळ्याच्या आरंभीं आमच्या शाळेच्या शास्त्रमंडळास एक अनपेक्षित देणगी मिळाली. शाळेचे एक वयोवृद्ध माजी विद्यार्थी एके दिवशीं लांकडी पेटी घेऊन आले, ती मेजावर ठेवून क्षणभर स्वस्थ उभे राहिले आणि मग म्हणाले, "हिच्यांत माझें बालपण आहे. चालतें करतां आलें तर करा; परंतु मोडूं नका." पेटी उघडून पाहतां तींत खेळण्यांतील एक आगगाडी निघाली. दोन इंजिनें, पत्र्याचे दोन उतारूडबे, पांच वाघिणी, रुळांचे बावीस तुकडे, गाडी चालविण्याची नियंत्रकपेटी आणि एक जुनाट ट्रान्सफॉर्मर, असा तो संच होता.

मुलांच्या आनंदास पारावार राहिला नाहीं. त्याच दिवशीं एका विद्यार्थ्यानें विचारलें, "सर, ही गाडी संगणकानें चालवितां येईल काय?" ह्या एका प्रश्नाचें उत्तर शोधण्यांत आमचे शनिवार वर्षभर खर्ची पडले. आम्हीं काय केलें, कोठें चुकलों व त्या चुकीनें आम्हांस काय शिकविलें, हें आमच्या विद्यार्थिमित्रांस व त्यांच्या पालकांस सांगावें, एवढाच ह्या लेखाचा हेतु आहे.

संचाची ओळख

कोणतीहि जुनी वस्तु हातीं घेतांना प्रथम तिची कुळकथा जाणून घ्यावी. आमचा संच 'हॉर्नबी-डब्लो' ह्या नांवाचा आहे. फ्रँक हॉर्नबी (१८६३–१९३६) ह्या लिव्हरपूलच्या गृहस्थानें १९०१ मध्यें भोकें पाडलेल्या धातूच्या पट्ट्यांच्या खेळण्याचें पेटंट मिळविलें. तेंच खेळणें पुढें 'मेकॅनो' ह्या नांवानें जगभर गेलें. त्याच्या कंपनीनें १९२० मध्यें किल्लीवर चालणाऱ्या आगगाड्या काढल्या. आणि हॉर्नबीच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनीं, म्हणजे १९३८ मध्यें, मेजावर मावेल अशी लहान आकाराची 'डब्लो' गाडी बाजारांत आणिली. हिच्या रुळांमधील अंतर साडेसोळा मिलिमीटर असून गाडीचें माप खऱ्या गाडीच्या सुमारें शहात्तराव्या हिश्शाइतकें असतें. दुसऱ्या महायुद्धांत हें काम बंद पडलें व युद्ध संपल्यावर पुन्हां सुरू झालें. आमच्या पेटींतील दोन्ही इंजिनें युद्धोत्तर काळांतील आहेत. एक मालगाडीचें लहान टाकीचें इंजिन, व दुसरें 'डचेस ऑफ ॲथॉल' नांवाचें उतारूगाडीचें मोठें इंजिन. १९६४ मध्यें मेकॅनो कंपनी दुसऱ्या एका खेळणी-कंपनीच्या ताब्यांत गेली आणि डब्लोची ही जुनी परंपरा तेथेंच थांबली. म्हणून एखादा भाग मोडला तर तो कारखान्यांतून मागवितां येईल अशी सोय आतां उरलेली नाहीं.

ह्या गाडीचा एक विशेष म्हणजे तिचे तीन रूळ. बाहेरचे दोन रूळ पत्र्याच्या पायाशीं जोडलेले असतात. मधला रूळ मात्र वीज वाहूं न देणाऱ्या तुकड्यांनीं पायापासून अलग ठेवलेला असतो. इंजिनाच्या पोटाखालीं चमच्यासारखी एक पट्टी असते. ती मधल्या रुळावर घासत जाते व तिच्या वाटेनें वीज मोटारींत शिरते. मोटारींतून निघालेली वीज इंजिनाचा सांगाडा व चाकें ह्यांच्या द्वारें बाहेरच्या रुळांत परत जाते. विजेचा दाब १२ व्होल्ट असून प्रवाह एकाच दिशेनें वाहणारा असतो. दाब वाढविला कीं गाडी वेग घेते, कमी केला कीं मंदावते, आणि प्रवाहाची दिशा उलट केली कीं गाडी मागें चालूं लागते. नियंत्रकपेटीवरील मूठ फिरवून हें सारें हातानें करावयाचें, ही जुनी रीत होय.

पहिला नियम

कामास लागण्यापूर्वीं आम्हीं फळ्यावर मोठ्या अक्षरांत एक नियम लिहिला: 'जें कराल, तें पुन्हां पूर्ववत् करतां आलें पाहिजे.' करवत लावावयाची नाहीं, मूळच्या भागांस डाख द्यावयाचा नाहीं, रंग काढावयाचा नाहीं. दिलेल्या वस्तूवर आपली सत्ता चालते ती सांभाळण्यापुरती.

इंजिनांतील वंगण वाळून राळेसारखें घट्ट झालें होतें. तें पुसून आम्हीं तेलाचा एकेक थेंबच घातला. रुळांवरील मळ मऊ कापडानें काढला. कारण मळाचा पातळ थरहि विजेची वाट अडवितो. धातूच्या ओतीव भागांस भेगा आहेत काय, हें भिंगानें पाहिलें. जस्ताच्या मिश्रधातूंत शिशाचा अंश चुकून मिसळला गेला असेल, तर कालांतरानें तो भाग फुगून आपोआप तडकतो. पुष्कळ जुनीं खेळणीं ह्याच रोगानें गेलीं आहेत. सुदैवानें आमचीं इंजिनें निरोगी निघालीं.

जुना ट्रान्सफॉर्मर मात्र आम्हीं तत्काळ बाजूस ठेवला. त्याच्या तारेवरील रबर कडक होऊन गळत होतें. खेळण्यांतील १२ व्होल्ट निरुपद्रवी खरे, पण ट्रान्सफॉर्मरची दुसरी बाजू घरांतील २३० व्होल्टशीं जोडलेली असते, आणि ती प्राणघातक ठरूं शकते. पालकांस आमची आग्रहाची विनंति आहे कीं, असें जुनें यंत्र माळ्यावर सांपडल्यास तें मुलांच्या हातीं तसेंच देऊं नये. त्याऐवजीं प्रमाणित असा नवा वीजपुरवठा घ्यावा.

दोन मार्ग

आतां संगणक कोठें बसवावा, हा प्रश्न होता. त्यास दोन उत्तरें आहेत.

पहिलें उत्तर असें, कीं बुद्धि इंजिनाच्या पोटांतच ठेवावी. आजच्या नव्या गाड्या बहुधा ह्याच रीतीनें चालतात. जर्मनींतील लेन्झ ह्या कंपनीनें सिद्ध केलेली 'डीसीसी' नांवाची पद्धति अमेरिकेंतील नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशन ह्या संस्थेनें १९९० नंतरच्या दशकांत प्रमाण म्हणून स्वीकारली. हींत रुळांवर नेहमीं पूर्ण दाबाची वीज असते. परंतु तिची दिशा अत्यंत वेगानें पालटत राहते व त्या पालटण्यांतच निरोप गुंफलेला असतो. दिशा ५८ मायक्रोसेकंदांनीं पालटली तर तो 'एक', आणि १०० मायक्रोसेकंदांनीं पालटली तर तें 'शून्य'. मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लक्षावा भाग. अशा एक-शून्यांच्या माळेंत आधीं इंजिनाचा क्रमांक, मग आज्ञा, आणि शेवटीं पडताळ्याचा आंकडा असतो. प्रत्येक इंजिनांत एक डिकोडर बसविलेला असतो. हजेरीच्या वेळीं स्वतःचा क्रमांक ऐकतांच मुलगा जसा 'हजर' म्हणतो, तसा तो आपल्या क्रमांकाच्या आज्ञेसच तेवढा ओ देतो. पडताळा जुळला नाहीं, तर ती आज्ञा तो सोडून देतो. ह्यामुळें एकाच रुळावर अनेक इंजिनें आपापल्या वेगानें चालवितां येतात, हा ह्या पद्धतीचा मोठा गुण होय.

परंतु आमच्या जुन्या इंजिनांत मोटारीचें एक टोंक थेट सांगाड्याशीं जोडलेलें आहे. डिकोडर बसवावयाचा तर मोटारीचीं दोन्ही टोंकें सांगाड्यापासून अलग केलीं पाहिजेत, म्हणजे मूळची रचना बदलली पाहिजे. शिवाय जुनी मोटार नव्या मोटारीपेक्षां पुष्कळ अधिक वीज ओढते, व लहान डिकोडर तेवढी वीज सोसूं शकेलच असें नाहीं. कुशल कारागीर हें काम उत्तम करितात. तरी तें आमच्या फळ्यावरील नियमांत बसेना.

म्हणून आम्हीं दुसरा मार्ग धरला: बुद्धि गाडींत न ठेवतां वाटेंत ठेवावी. इंजिन जसें आहे तसेंच राहील. रुळाच्या कोणत्या भागास वीज द्यावी व किती द्यावी, एवढेंच संगणक ठरवील. खऱ्या लोहमार्गावर सिग्नल वाटेंतच उभे असतात, त्यांतलाच हा प्रकार.

संगणक आज्ञा कशी देतो

ह्या कामीं आम्हीं 'आर्डुइनो उनो' नांवाची लहानशी पाटी वापरली. आर्डुइनोचा जन्म २००५ च्या सुमारास इटलींतील इव्हरेआ ह्या गांवीं, विद्यार्थ्यांस सोपें साधन मिळावें म्हणून झाला. ही पाटी तळहातावर मावते. तिची स्मृति अल्प व बळ त्याहून अल्प. तिच्या एका पायांतून ५ व्होल्ट दाबानें सुमारें २० मिलिअँपिअर वीजच बेतानें घेतां येते, आणि आमच्या एका इंजिनास तर अर्धा ते एक अँपिअर लागतो! तात्पर्य, संगणक हा सांगकाम्या नव्हे तर नुसता सांगणारा आहे. ओढण्याचें काम दुसऱ्यानें करावयाचें असतें. तें काम 'मोटार-ड्रायव्हर' नांवाचें वेगळें मंडल करितें. तें वीजपुरवठ्याकडून १२ व्होल्ट घेतें आणि संगणकाच्या इशाऱ्याबरहुकूम रुळांस देतें. मध्यें एक फ्यूज घातला. कारण एखादी वाघीण रुळांवरून घसरून मधल्या व बाहेरच्या रुळांवर आडवी पडली, तर विजेस आंखूड वाट मिळून सारें यंत्र तापतें.

वेग कमीअधिक कसा करावयाचा? संगणक दाब कमी करीत नाहीं. तो पूर्ण दाबाची वीज अतिशय वेगानें चालू-बंद करितो. आमच्या पाटीवर हें सेकंदास सुमारें ४९० वेळां घडतें. झोपाळ्यावरील मुलास आपण सतत ढकलीत नाहीं. अधूनमधून झोका देतों, तरी झोपाळा थांबत नाहीं. त्याचप्रमाणें मोटारीस मिळणारे हे झोके एकत्र होऊन गति सलग दिसते. ० पासून २५५ पर्यंत आंकडे आहेत. ० म्हणजे सदैव बंद, २५५ म्हणजे सदैव चालू, आणि १२८ म्हणजे अर्धा वेळ चालू, म्हणजेच सरासरीनें सुमारें ६ व्होल्ट. आमचें लहान इंजिन ९० च्या आसपास हळूच हललें, तेव्हां मुलांनीं टाळ्या वाजविल्या. स्थानकांतून निघतांना आंकडा एकेकानें वाढवीत नेला, कीं गाडी खऱ्या गाडीसारखी सावकाश सुटते. मूठ फिरविणाऱ्या उतावळ्या हातास हें क्वचितच साधतें.

पहिली आज्ञावली आणि टक्कर

एक गाडी फिरूं लागल्यावर दोन गाड्या एकाच वर्तुळावर सोडाव्या, ही इच्छा होणें स्वाभाविक होतें. त्यासाठीं आम्हीं वर्तुळाचे चार खंड केले. प्रत्येक खंडाच्या अखेरचा एक तुकडा मधल्या रुळाच्या जोडांत पातळ कागद सरकवून विजेपासून अलग केला. कागद काढला कीं सारें पूर्ववत्. ह्या तुकड्यास वीज मिळावी कीं नाहीं, हें एक रिले ठरवी. वीज नसली तर इंजिन तेथें येऊन थांबे. खंडांच्या सीमेवर अवरक्त किरणांचा एक झरोका ठेविला. इंजिन आडवें आलें कीं किरण तुटे व संगणकास कळे कीं, गाडी पुढच्या खंडांत शिरली.

नियम सोपा होता: पुढचा खंड मोकळा असेल तरच गाडीस सोडावें. मग मागचा खंड मोकळा झाला, हें केव्हां मानावयाचें? मुलांनीं घड्याळ लावून पाहिलें. इंजिनानें सीमा ओलांडल्यापासून पांच सेकंदांत सबंध गाडी पलीकडे जात होती. तेव्हां आज्ञावलींत तसेंच लिहिलें: पांच सेकंद थांब, आणि मागचा खंड मोकळा समज. तीन शनिवार गाड्या बिनचूक धांवल्या. आम्हीहि निर्धास्त झालों.

चौथ्या शनिवारीं 'डचेस' दुसऱ्या खंडांतून तिसऱ्यांत शिरली. पण वळणावर मागच्या डब्याची वाकलेली कडी सुटली व तो डबा दुसऱ्या खंडांतच राहिला. संगणकानें पांच सेकंद मोजले, दुसरा खंड मोकळा मानला आणि पहिल्या खंडांत थांबलेल्या मालगाडीस वाट दिली. आम्ही मूठ शोधूं लागलों. पण मूठ तर आम्हींच काढून ठेविली होती! टाकीचें इंजिन डब्यावर जाऊन आदळलें. डब्याची मागची पत्र्याची भिंत चेपली, आणि इंजिनाच्या पुढील लाल पट्टीवरील रंगाची खपली उडाली. इतकीं वर्षें टिकलेला रंग एका क्षणांत गेला.

वर्गांत कोणी बोलेना. मग आज्ञावली लिहिणारा विद्यार्थी म्हणाला, "सर, आज्ञावली बरोबर होती. गाडीच चुकली."

त्याचें म्हणणें एका अर्थीं खरें होतें. संगणकानें सांगितलेलें अक्षरशः पाळलें होतें. परंतु आम्हीं त्याला 'खंड मोकळा आहे काय?' हें पाहावयास शिकविलेंच नव्हतें. 'इतका वेळ गेला म्हणजे मोकळा असेल' असें मानावयास शिकविलें होतें. पाहणें आणि मानणें ह्यांतील अंतर त्या चेपलेल्या पत्र्यांत आम्हांस दिसलें.

आर्मा येथील दुर्घटना

पुढच्या शनिवारीं आम्हीं गाडीस हात लावला नाहीं. आम्हीं मुलांस एक जुनी हकीकत सांगितली. १२ जून १८८९ रोजीं आयर्लंडमधील आर्मा ह्या गांवाहून रविवारच्या शाळेंतील मुलें व त्यांचे पालक ह्यांस घेऊन एक गाडी सहलीस निघाली. चढावर इंजिनास भार ओढवेना. तेव्हां गाडीचे दोन भाग करून पुढचा भाग आधीं न्यावा, असें ठरलें. मागचे डबे गार्डाच्या ब्रेकवर व चाकांखालीं दगड लावून चढावरच ठेवण्यांत आले. पुढचा भाग सुटतांना थोडा मागें सरला, त्याचा धक्का बसला, आणि मागचे डबे उतारावरून मागें धांवत सुटले. त्याच मार्गावर मागाहून दुसरी गाडी येत होती. कारण तेथें दोन गाड्यांमध्यें केवळ वेळेचें अंतर ठेवण्याची रीत होती. इतकीं मिनिटें झालीं, आतां पुढची गाडी दूर गेली असेल, असें मानून मागची सोडावयाची. त्या टकरींत सुमारें ८० माणसें मृत्यु पावलीं, आणि त्यांत कितीतरी मुलें होतीं.

ह्या आघातानें ब्रिटनची पार्लमेंट हालली. त्याच वर्षीं, १८८९ मध्यें, नवा कायदा झाला. उतारूंच्या लोहमार्गावर ब्लॉक पद्धति, म्हणजे एका खंडांत एका वेळीं एकच गाडी, सक्तीची झाली. तसेच सबंध गाडीस लागणारे व गाडी तुटल्यास आपोआप आंवळले जाणारे ब्रेक बसविणें भाग पडलें. वेळेच्या अंतराच्या जागीं जागेचें अंतर आलें. अनुमान जाऊन पुरावा आला.

हकीकत संपली तेव्हां तो विद्यार्थी उठून उभा राहिला आणि म्हणाला, "सर, माझ्या आज्ञावलींतील पांच सेकंद म्हणजे तीच जुनी रीत." ह्यापुढें आम्हांस कांहीं समजावून सांगावें लागलें नाहीं.

दुरुस्ती

आपल्या देशांतील आगगाडीच्या शेवटच्या डब्याच्या मागें 'एल. व्ही.' अशीं इंग्रजी अक्षरें असलेली पाटी आपण सर्वांनीं पाहिली असेल. त्यांचा अर्थ 'शेवटचा डबा' असा आहे. गाडी स्थानकावरून जातांना रेल्वेचा माणूस ती पाटी पाहतो, आणि गाडी सबंध आली, मागें कांहीं राहिलें नाहीं, अशी खात्री करून घेतो. इंजिन आलें म्हणजे गाडी आली असें तो मानीत नाहीं. रेल्वेंत पुष्कळ ठिकाणीं आतां खंडांत शिरणारे व बाहेर पडणारे आंस मोजणारीं यंत्रेंहि बसविलेलीं आहेत.

आम्हींहि आमच्या गाडीस अशी शेपटीची खूण दिली. शेवटच्या डब्याच्या कडेस खालून मेणानें एक चिमुकलें चुंबक चिकटविलें, व प्रत्येक सीमेच्या थोडें पुढें रुळाच्या बाजूस एक रीड स्विच ठेविला. रीड स्विच म्हणजे कांचेच्या बारीक नळींतील दोन लोखंडी पात्या; चुंबक जवळ आलें कीं त्या एकमेकींस चिकटतात आणि वीज वाहते. प्रथम आम्हीं तो रुळांखालीं ठेविला होता. परंतु रुळांचा पाया पत्र्याचा असल्यामुळें चुंबकाचा प्रभाव मधेंच अडे. बाजूस ठेवतांच काम झालें. आतां नियम असा झाला: इंजिनानें किरण तोडला कीं पुढचा खंड व्यापला गेला असें धरावें, आणि शेपटीचें चुंबक स्विचवरून गेलें तरच मागचा खंड मोकळा करावा. तें येईपर्यंत, मग पांच सेकंद लागोत कीं पांच तास, मागच्या गाडीनें उभें राहावें.

आणखी एक प्रश्न एका मुलीनें काढला: "संगणकच मधें गोठला तर?" प्रश्न मार्मिक होता. म्हणून रिले असे जोडले कीं, त्यांस वीज मिळत असेल तरच रूळ जिवंत राहावे. तार तुटली कीं गाड्या थांबाव्या. आर्डुइनोंतच एक पहारेकरी घड्याळ असतें. आज्ञावलीनें त्यास ठराविक वेळांत 'मी जागी आहे' असें कळविलें नाहीं, तर तें संगणक नव्यानें सुरू करितें. नव्यानें सुरू झालेल्या संगणकास गाड्या कोठें आहेत हें आठवत नाहीं. म्हणून त्यानें सर्व खंड व्यापलेले समजावे, आणि माणसानें डोळ्यांनीं पाहून कळ दाबीपर्यंत कांहीं हालवूं नये, असें आज्ञावलींत लिहिलें. जेथें ठाऊक नाहीं तेथें थांबावें, हा त्या सर्वांचा सारांश.

मग आम्हीं मुद्दाम कडी सोडून दिली. डबा मागें राहिला, 'डचेस' पुढें गेली. मालगाडी आपल्या जागीं उभी राहिली. एक मिनिट गेलें, दोन गेलीं. तांबडा दिवा तसाच होता. ती गाडी चालली तेव्हां झाला होता त्याहून अधिक आनंद ती न हालण्याचा मुलांस झाला.

उपसंहार

आम्हीं कांहीं अपूर्व केलें असें नव्हे. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी ह्या संस्थेंत १९४६ मध्यें विद्यार्थ्यांनीं खेळगाड्यांचें एक मंडळ स्थापिलें. त्यांतील कांहींनीं टेलिफोनचे रिले जोडून मोठें नियंत्रण उभारलें. पुढें त्याच मंडळांतील मुलें संस्थेंत आलेल्या पहिल्या संगणकांकडे वळलीं, आणि १९६२ मध्यें 'स्पेसवॉर' हा प्रसिद्ध संगणकी खेळ ज्या तरुणांच्या हातून झाला, त्यांत ह्या मंडळाचे सभासद होते. गाडीच्या सांध्यांत व सिग्नलांत जो विचार लागतो, तोच संगणकास लागतो, ह्याचें हें चांगलें उदाहरण होय.

वार्षिक संमेलनाच्या दिवशीं देणगी देणारे ते गृहस्थ आले. दोन्ही गाड्या आपापलें अंतर राखून फिरत होत्या. त्यांनीं पुष्कळ वेळ पाहिलें. चेपलेला डबा व उडालेला रंग आम्हीं लपविला नव्हता. झालेली चूक आम्हीं त्यांस सांगितली. ते कांहीं बोलले नाहींत. डब्याच्या चेपलेल्या भिंतीवरून त्यांनीं एकदां अंगठा फिरविला. मग त्यांनीं विचारलें, "माझी जुनी मूठ कोठें आहे?"

फळ्यावरील नियम त्या वेळीं कामास आला. आम्हीं कागदाचे तुकडे काढले, संगणकाच्या दोन तारा सोडविल्या व नियंत्रकपेटीच्या दोन तारा जोडल्या. एवढ्यास पांच मिनिटें लागलीं. मालगाडी बाजूस काढून ठेविली, आणि त्यांनीं थरथरत्या हातानें मूठ फिरविली. 'डचेस' एकदम धक्का देऊन निघाली, जशी ती त्यांच्या लहानपणीं निघत असेल.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्या हातीं पुढें आजच्याहून कितीतरी समर्थ यंत्रें येतील. त्यांस आज्ञा देतांना दोन गोष्टी लक्षांत ठेवा. जुन्यास नवें जोडतांना, परत फिरण्याची वाट मोडूं नका. आणि वाट मोकळी असेल असें यंत्रास मानावयास शिकवूं नका. ती मोकळी आहे हें पाहावयास शिकवा. आमच्या शास्त्रमंडळाच्या कपाटांत तो चेपलेला डबा आम्हीं सरळ न करतां तसाच ठेविला आहे. नवीन आज्ञावली लिहिण्यास बसणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्यानें तो आधीं एकदां हातांत घेऊन पाहावा, अशी आमची इच्छा आहे.